‘पार्टटाइममधून सुटतं’ म्हणणाऱ्या मंडळींस खुले पत्र

गोव्यात परदेशी शिक्षणाचे मेळावे भरवणाऱ्या, पणजी-म्हापसा-मडगावात कार्यालयं थाटलेल्या सर्व सल्लागार मंडळींस,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही. २०२२ साली मी ज्यांच्या टेबलापुढे बसलो होतो त्यांचं नाव लिहायचं नाही हे ठरवूनच लिहायला घेतलंय, कारण त्यांचं ते वाक्य पुढे मी इतर चार टेबलांवरही ऐकलं. तुमच्या सगळ्यांच्या जिभेवर ते इतकं रुळलंय की बोलताना तुमचं तुम्हालाही ऐकू येत नसेल: “राहण्याखाण्याचं टेन्शन घेऊ नका, ते पार्टटाइममधून सुटतं.”

पणजीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी, मी ते पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी लग्नकार्याला घालतात तो पांढरा शर्ट घातला होता. आईनं पर्समध्ये घराच्या एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाराच्या, उताऱ्याची झेरॉक्स ठेवली होती. कुणी मागितली नव्हती, पण सरकारी असो की खाजगी, टेबल म्हटलं की आईला कागद लागतो. तुमच्या माणसानं आम्हाला थंड पाणी दिलं, रंगीत पुस्तिका दिल्या आणि वीस मिनिटं इंग्रजीत बोलला. बाबा मान हलवत होते. त्यातला एकच शब्द त्यांनी घट्ट पकडला, पार्टटाइम. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही कोकणीत: “आनी काम मेळ्ळें ना जाल्यार?” म्हणजे, आणि काम मिळालं नाही तर?

तुमचा माणूस हसला. म्हणाला, “अंकल, तिथे त्यांना माणसं मिळत नाहीत.”

आम्ही मयेचे. डिचोली तालुक्यातलं मये म्हटल्यावर बाबांचा धंदा काय असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. खनिजाचा ट्रक. कर्ज काढून घेतलेला, तेव्हा सगळेच घेत होते. त्या वेळी बँकेतले आणि ट्रकच्या शोरूममधले लोक असंच हसून सांगायचे, माल काय संपतोय होय. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मधे थोड्या चालल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. ताडपत्रीखाली उभा असलेला ट्रक आणि न थांबणारं व्याज ही जोडी आमच्या अंगणानं बरीच वर्षं पाहिली. त्यामुळे बाबांचा प्रश्न भाबडा नव्हता. हॉलमधल्या सगळ्या प्रश्नांत तो सगळ्यात अनुभवी प्रश्न होता, आणि त्याला तुम्ही हसून वाटेला लावलं.

मी गेलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हेही लिहून ठेवतो. फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलं होतं, दोन वर्षं नोकरी केली होती, वय चोवीस. एमएस्सीला विषय घेतला लॉजिस्टिक्स, म्हणजे शेवटी ट्रकच. ३१ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. गणपतीवरची माटोळी उतरवली, विसर्जन झालं आणि पंधरवड्यात दाबोळीहून मुंबई, तिथून लंडन, तिथून बसनं लेस्टर.

आता तुमच्या वाक्याकडे येतो.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार, आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात बारा केले म्हणून पुढच्यात अठ्ठावीस, असं नाही. हे तुम्ही सांगता, त्याबद्दल तक्रार नाही. पण या वीस तासांचा गुणाकार तुम्ही पालकांसमोर कधी करून दाखवत नाही. तो इथे करतो, आणि माझ्या वेळचे जुने दर नको म्हणून एप्रिल २०२६ पासूनचा दर घेतो. एकवीस आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला ताशी किमान १२.७१ पौंड. वीस तासांचे २५४. महिन्याला साधारण ११००, त्यातून किरकोळ कर. हे कधी? वर्षाचे बावन्नही आठवडे, एकही तास न चुकता, आजारी न पडता, परीक्षेतही काम केलं तर.

आता दुसरा आकडा. व्हिसा देताना ब्रिटिश सरकारच विचारतं की राहण्याखाण्याला पैसे आहेत का, आणि त्यासाठी लंडनबाहेर दरमहा ११७१ पौंड, नऊ महिन्यांपर्यंतचे, खात्यात दाखवायला लावतं. नोव्हेंबर २०२५ पासूनचा हा आकडा आहे, लंडनमध्ये १५२९. म्हणजे त्या सरकारच्याच हिशेबानं वीस तासांच्या पगारात महिना भागत नाही. त्यांनी तो आकडा दडवलेला नाही. तुमच्या फाइलमध्येही तो असतो. फक्त ‘सुटतं’ हा शब्द आणि तो आकडा एका कागदावर शेजारी शेजारी येत नाहीत.

माझा स्वतःचा महिना सांगतो. चौघांच्या घरात एक खोली, ४२० पौंड. तो हिवाळा विजेच्या आणि गॅसच्या भावांनी युरोपभर गाजलेला. माझ्या वाट्याला महिन्याला पंचावन्न यायचे, आणि तेही घरात टोपी घालून बसल्यावर. जेवण १३०, बस ६०, फोन १०, बाकी किरकोळ २५. झाले सातशे. तेव्हाचा किमान दर ताशी साडेनऊ. वीस तासांचं काम कागदावर होतं, हातात यायचे सरासरी सोळा, कारण करार ‘झिरो अवर’, म्हणजे तासांची हमी नसलेला. कंपनीला गरज असली तर संध्याकाळी मेसेज यायचा, नसली तर शिफ्ट रद्द झाल्याचा मेसेज दुपारी तीनला. महिन्याला सहाशेसाठ मिळायचे. म्हणजे चाळीस पौंड कमी, आणि हे काम लागल्यानंतरचं. काम लागायला सात आठवडे गेले होते.

त्या सात आठवड्यांतले तीन तर तुमच्यामुळे गेले. एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर हातात आल्याशिवाय कामाला लागता येत नाही, असं मला निघण्यापूर्वी सांगितलं गेलं होतं. लागता येतं. काम करायचा हक्क सिद्ध केला आणि नंबरासाठी अर्ज केलेला असला की पुरे. हे मला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकींनी सांगितलं. मूळच्या दीवच्या, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या. लेस्टरमध्ये दमण-दीवची पुष्कळ कुटुंबं आहेत. गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी मला भाचाच करून टाकलं आणि नंतर वर्षभर दर शनिवारी उरलेली मेथी फुकट दिली. सल्ला आणि मेथी दोन्ही फुकट, आणि दोन्ही ताजं.

तरीही इथपर्यंतचं मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. महिन्याला चाळीस पौंडांची तूट ही काही शोकांतिका नव्हे. मुलगा थोडं कमी जेवतो, थोडा जास्त चालतो, निभतं. खरा घोळ उन्हाळ्यात झाला आणि तो तुमच्याच कागदावर झाला.

त्या रविवारी तुमच्या माणसानं बाबांना पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पेननं एक हिशेब मांडून दिला होता. तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. जून ते सप्टेंबर सुट्टी, सुट्टीत फुलटाइम परवानगी, आठवड्याला चाळीस तास, सतरा आठवडे, म्हणजे सुमारे सात हजार पौंड. खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: ७ लाख. बाबांनी बँकेचं कर्ज किती काढायचं ते या कागदावरून ठरवलं. पंचवीस लाखांच्या जागी अठरा.

सुट्टीत फुलटाइम काम करता येतं हे खरं आहे. पण कुणाची सुट्टी? तीन वर्षांच्या पदवीच्या मुलाला जूनमध्ये सुट्टी लागते. एका वर्षाच्या एमएस्सीचा अभ्यासक्रम बारा महिने चालतो. जूननंतर वर्ग नसतात, पण प्रबंध लिहायचा असतो, आणि तो काळ सत्रातच धरतात. त्या मुलाला तो उन्हाळाभर वीसच तास. हे मला कळलं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. लटरवर्थजवळच्या मॅग्ना पार्कात, एका मोठ्या गोदामात, एजन्सीमार्फत पूर्ण वेळेचं काम घेतलं होतं. एजन्सीतल्या बाईंनी विद्यापीठाकडून सत्राच्या तारखांचं पत्र आणायला सांगितलं. नोकरी देणाऱ्याला ते दप्तरी ठेवावंच लागतं. पत्र आणलं. त्यावर माझ्या सत्राचा शेवट सप्टेंबरात. बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, पहिल्या आठवड्यात किती तास भरले ते विचारलं, आणि माझी उरलेली पाळी तिथल्या तिथे निम्मी केली. वाईट वाटलं, पण आज वाटतं की त्यांनी मला वाचवलं. तासांची मर्यादा मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि विद्यापीठ परदेशी विद्यार्थी घेण्याचा स्वतःचा परवाना धोक्यात घालून विद्यार्थ्याची बाजू घेत नाही.

त्या रात्री घरी फोन केला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरें. जेवलो मू?”

सात लाखांच्या जागी किती आले ते सांगत बसत नाही. निम्मे, आणि त्यातून पोट भरायचं. उरलेली फी मामांनी भरली. त्यातही फीचा पहिला हप्ता भरला तेव्हा, सप्टेंबरात, पौंड नव्वदीच्या आसपास होता. जानेवारीत दुसरा हप्ता भरताना शंभरीला टेकला. पुस्तिकेच्या मागच्या पानावर रुपया पडेल याला जागा नव्हती.

आता आमच्या गोव्याचीच एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या सल्लागाराला माहीत नसली तर चालेल, पण तुम्हाला माहीत असायलाच हवी. प्रत्येक गावात कुणी ना कुणी ‘पोर्तुगीज’ आहे. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज राजवटीत इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं, आणि त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले. स्विंडनमध्ये तर अर्धा बार्देश भेटतो. माझा शाळेतला मित्र तिथेच आहे. रात्रपाळी करतो, जादा तास करतो, घरी पैसे पाठवतो, म्हापशाजवळ आईला घर बांधून दिलं. ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त ये-जा संपली, पण आधी गेलेल्यांचा तिथे राहायचा आणि हवं तितकं काम करायचा हक्क टिकला. त्याच्यावर तासांची मर्यादा नाही. माझ्यावर आहे. दोघंही ‘यूकेत’, दोघंही ‘गोदामात’. आमच्या वाड्यावर हा फरक कुणालाच कळत नाही. आईला देवळात विचारायचे, “कितें गो, चेडो कितले धाडटा म्हयन्याक?” तो अमका तर महिन्याला लाखभर पाठवतो. आई उत्तर द्यायची की अभ्यास असतो त्याला. वर्षभर ती हे उत्तर देत राहिली, आणि मला मात्र परत आल्यावर कळलं.

तुमच्या मेळाव्यांत स्विंडनच्या त्या मुलांच्या कमाईचे आकडे विद्यार्थी व्हिसाच्या मुलांना सरसकट ऐकवले जातात, हे मी स्वतः दोनदा ऐकलं आहे. अज्ञानानं होत असेल तर आज वाचलंत. जाणून होत असेल तर पुढे काही लिहीत नाही.

वीस तासांत भागलं नाही की मुलं काय करतात, तेही तुम्हाला ठाऊक असावं. रोखीचं काम. मीही केलं, तीन आठवडे, एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत, किमान दरापेक्षा निम्म्यावर. पहिला आठवडा ‘ट्रायल’ म्हणून मालकानं दिलाच नाही. मागायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, कर तक्रार. मी कशी करणार होतो? त्या आठवड्यातले माझे दोन्हीकडचे तास मिळून सत्तावीस होत होते. कायदा माझ्या बाजूनं होता आणि मी कायद्याच्या बाहेर. दुसरा मार्ग, खाणं पोचवायच्या ॲपवर दुसऱ्याचं खातं भाड्यानं घ्यायचं. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालतच नाही, त्यामुळे आपल्या नावाचं खातं असलं तरी ते काम नियमाबाहेर. आमच्या घरातला एक मुलगा ते करायचा, आणि खातेदार त्याच्याकडून आठवड्याला हप्ता घ्यायचा. पावसात, सायकलवर. त्याच्या आईवडिलांनाही कुणीतरी ‘सुटतं’ म्हणून सांगितलंच असेल.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हा काम करूच नका म्हणतोय. तसं मुळीच नाही. गोव्यातल्या मुलांना काम करून शिकणं कुणी शिकवायला नको. सीझनला शॅकवर राबून कॉलेजची फी भरणारी मुलं कळंगुटला जितकी भेटतील तितकी कुठे भेटणार नाहीत. कॅसिनोतली रात्रपाळी संपवून सकाळी कदंबाच्या बसमध्ये बसून लेक्चरला येणारा एक वर्गमित्र माझ्याच बाकावर झोपायचा. परदेशात ही सवय कामाला येते. माझा अनुभव असा की आठवड्याला बारा तासांपर्यंत काम अभ्यासाला मदत करतं, सोळाला दोघांची ओढाताण सुरू होते, आणि रात्रपाळीचे वीस झाले की अभ्यास उरतो तो हजेरीपुरता. हे माझं माप आहे, दुसऱ्याचं वेगळं असेल. पण पहिल्या सत्रात रात्री दहा ते सकाळी सहा उभा राहून नऊच्या वर्गात बसलो तेव्हा मी वहीत काय लिहिलं होतं ते आज मलाच वाचता येत नाही. एका विषयात नापास झालो. पुन्हा द्यावा लागला.

दुसऱ्या सत्रात ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळालं. आठवड्याला दहा तास, दिवसाचे, विद्यापीठाच्या आवारातच. पैसे कमी, पण बसचे साठ वाचले आणि झोप परत मिळाली. अशा कामांच्या जाहिराती नवं सत्र सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये येतात. मुलगा तेव्हा इथे चवथीची खरेदी करत असतो. निघण्यापूर्वीच अर्ज करता येतो, हे मेळाव्यात कुणी सांगितलं असतं तर माझं पहिलं सत्र वाचलं असतं. तुमच्यासाठी हे एका मिनिटाचं बोलणं आहे.

आणि गोदामानं मला एक गोष्ट दिली, ती मान्य करायला हवी. इंग्लंडच्या मधल्या त्या पट्ट्यात एवढी गोदामं का, तर तिथून चार तासांच्या आत ट्रक देशातल्या बहुतेक वस्तीपर्यंत पोचतो. हे मी वर्गात शिकलो आणि त्याच आठवड्यात रात्री मालाच्या पट्ट्यांवर शहरांची नावं वाचत पाहिलं. हातात स्कॅनर, तो सांगेल त्या फळीवरून माल काढायचा, दर तासाला किती नग काढले ते वर लागलेल्या पडद्यावर. एका पाळीत पंधरा-सोळा किलोमीटर चालणं व्हायचं, फोन मोजायचा. स्कॅनर कधी कधी मला एकाच गल्लीत तीनदा पाठवायचा. ते का होतं, यावर मी प्रबंध लिहिला. जून-जुलैत तास निम्मे झाले म्हणूनच लिहू शकलो, हेही खरं. सरांनी पहिल्या मसुद्यावर लिहिलं होतं की हे चालत चालत सुचलेलं दिसतं. आज वेर्ण्याला नोकरी करतो ती त्या प्रबंधावर. मुलाखतीत विषय निघाला तो पदवीचा कमी आणि त्या स्कॅनरचा जास्त.

मग माझं मागणं काय?

एकतर देशांची खिचडी थांबवा. एकाच हॉलमध्ये पाच देशांची टेबलं असतात आणि दुपारपर्यंत पालकांच्या डोक्यात सगळे नियम एक होतात. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४, आयर्लंडमध्ये सत्रात २० आणि जून ते सप्टेंबर तसेच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४०. आयर्लंडच्या या सुट्ट्यांच्या तारखा सरकारनंच ठरवून दिल्यात, आणि मला दाट शंका आहे की माझ्या कागदावरचा तो ‘जून ते सप्टेंबर’ शेजारच्या टेबलावरून आला होता. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. जर्मनीची पद्धत मला सगळ्यात सरळ वाटते. ते आधीच ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवायला लावतात आणि महिन्याला ९९२ प्रमाणे तुमचेच पैसे तुम्हाला देतात. म्हणजे काम मिळालं नाही तर काय, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी खात्यात, मग विमानात.

ब्रिटनचं तसं नाही. तिथे रक्कम २८ दिवस खात्यात दिसली पाहिजे. आमच्या खात्यात ती दिसली. मामांची मुदत ठेव मोडून आणली होती, आणि व्हिसा आल्यावर परत गेली. “दाखवायला लागतात फक्त,” हेही तुमच्याच टेबलावरचं वाक्य. चूक आमचीही होती, आणि ती मी कबूल करतो. ते पैसे दाखवायचे नसतात, लागणार असतात, म्हणून विचारतात. पुढे मामांकडे फीसाठी पुन्हा हात पसरावा लागला तेव्हा ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

कर्जाबद्दलही तुम्ही बोलता ते बँकेच्या प्रतिनिधीला शेजारी बसवून. साडेसात लाखांवर तारण लागतं हे तो सांगतो. गोव्यात तारण म्हणजे काय, हे सांगत नाही. आमचं घर आजोबांच्या नावावर होतं. इथल्या कायद्यानं वारसा मुलामुलींना सारखा. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नव्हती, म्हणजे दोन्ही आत्यांच्या सह्या, आणि बाबांबरोबर आईचीही, कारण इथे लग्नानं नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि तिचा निम्मा वाटा. चार महिने गेले. आमची जमीन निदान आमची होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकार म्हणून घर करून राहणाऱ्याच्या मुलाला हीच बँक दारातून परत पाठवते. अठरा लाखांवर साडेदहा टक्के म्हणजे महिन्याला पावणेसोळा हजार नुसतं व्याज. हप्ता नंतर सुरू होतो, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ट्रकवाल्या घराला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांना सांगा. आणि गोवा शैक्षणिक विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, तिचं नाव मी तुमच्या एकाही टेबलावर ऐकलं नाही. माझ्या चुलतबहिणीला ते पंचायतीतल्या एका कारकुनानं सांगितलं.

तुम्हाला विद्यापीठाकडून फीच्या काही टक्के कमिशन मिळतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. धंदा आहे, मिळू दे. बाबांनाही ट्रकच्या फेरीमागे पैसे मिळायचे. पण फेरीत किती टन भरला ते पावतीवर लिहिलेलं असायचं. तुम्हीही लिहा. अर्जाची फी घेण्यापूर्वी पालकाच्या हातात एक पान द्या, मराठीत किंवा कोकणीत, ज्याला जी वाचता येते त्यात. वर देशाचं नाव. सत्रात किती तास, त्याच अभ्यासक्रमाच्या मुलाला उन्हाळ्यात किती तास, काम लागेपर्यंत हातात किती पैसे हवेत, आणि काम अजिबात मिळालं नाही तर महिना कशावर चालेल. शेवटच्या ओळीपुढची जागा मुलानं आणि पालकानं घरी बसून भरायची. खाली तुमच्या माणसाची सही आणि शिक्का. पेननं मागच्या पानावर मांडलेला हिशेब नको.

त्या पानाचा मसुदा मी करून ठेवला आहे, मराठीतला. कोकणीतला मित्र करतोय, स्विंडनवरून. पावसाळ्यानंतर पुन्हा मेळावे सुरू होतील. वेर्ण्याची नोकरी सहा दिवसांची, रविवार मोकळा. बोलावलंत तर तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक खुर्ची टाकून बसेन, मानधन नको, पाणी थंड असतंच तुमचं. बाबाही येईन म्हणतात. त्यांचा एक प्रश्न राहिलाय.

आपला,
मये, डिचोली येथील एक माजी विद्यार्थी